नेडुंबाश्शेरी : एका विमानतळाचा वीजहिशेब

कोचीच्या उत्तरेला सुमारे तीस किलोमीटरवर, पेरियार नदीच्या सखल खोऱ्यात नेडुंबाश्शेरी हे गाव आहे. तिथल्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर १८ ऑगस्ट २०१५ रोजी १२ मेगावॉटचा सौर वीजप्रकल्प सुरू झाला. आपल्याला लागेल तेवढी सगळी वीज सूर्यापासून मिळवणारा जगातला पहिला विमानतळ अशी त्याची ओळख त्या दिवसापासून झाली. विमानतळांच्या कार्बन उत्सर्जनाचा विषय निघाला की ही तारीख येतेच. मात्र पॅनेल किती बसवली एवढ्याने तिचा अर्थ उलगडत नाही. पैशाची चणचण, आखातात गेलेली माणसे, मोसमी पाऊस आणि राज्याच्या वीज मंडळाकडे उघडलेले विजेचे खाते या चार गोष्टींनी ती घडवली आहे.

कोचीचा जुना विमानतळ विलिंग्डन बेटावर होता. बंदर खोल करताना निघालेल्या वाळूमातीची भर घालून हे बेट १९२० आणि ३० च्या दशकांत रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज अभियंत्याच्या देखरेखीखाली तयार झाले. सांगलीच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, त्याच लॉर्ड विलिंग्डन यांचे नाव या बेटालाही मिळाले. बेटावरचा हवाई तळ नौदलाचा. १९५३ मध्ये तिथे ‘आयएनएस गरुड’ची रीतसर स्थापना झाली आणि नागरी विमाने नौदलाच्या सोयीने तिथे उतरू लागली. चहूकडे पाणी असल्यामुळे धावपट्टी हवी तेवढी लांबवता येत नव्हती, आणि मोठ्या जेट विमानांना ती अपुरी होती.

याच काळात केरळची माणसे आखातात जात होती. सत्तरच्या दशकात निघालेला मल्याळी तरुण आधी रेल्वेने मुंबईला येई, कुणा गाववाल्याच्या खोलीत व्हिसाची वाट पाहत राही आणि सांताक्रूझहून विमान धरी. सुट्टीवर परतताना पेट्या-गाठोडी घेऊन हाच प्रवास उलट. मोठी विमाने थेट कोचीत उतरावीत ही मागणी या माणसांची होती, आणि ती पुरी करण्यासाठी पैसाही त्यांच्याकडूनच मागितला गेला. राज्य सरकारकडे एवढी रक्कम नव्हती. अनिवासी केरळींनी बिनव्याजी ठेवी द्याव्यात, ही पहिली योजना जवळजवळ फसली. मग ३० मार्च १९९४ रोजी ‘कोचीन इंटरनॅशनल एअरपोर्ट लिमिटेड’ ही सार्वजनिक कंपनी नोंदवण्यात आली. सनदी अधिकारी व्ही. जे. कुरियन तिचे पहिले व्यवस्थापकीय संचालक. ठेवी मागण्याऐवजी शेअर विकायचे ठरले. तीस देशांतल्या दहा हजारांवर अनिवासींनी ते घेतले आणि उरलेली रक्कम हडको व बँकांच्या कर्जातून उभी राहिली. खासगी भांडवलाच्या सहभागाने बांधलेला हा देशातला पहिला विमानतळ.

त्यासाठी सुमारे १,३०० एकर जमीन लागली. तिच्यात भाताची शेते होती, वस्त्या होत्या. ८२२ कुटुंबांना घरे सोडावी लागली. विमानतळाच्या यशाच्या कथांमध्ये हा आकडा फारसा दिसत नाही. तो दिसला पाहिजे. राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते २५ मे १९९९ रोजी उद्घाटन झाले आणि १० जूनला विमानसेवा सुरू झाली. धावपट्टी ३,४०० मीटरची होती. बेटावर जे जमणे शक्य नव्हते ते इथे झाले.

या जन्मकथेचा विजेशी जवळचा संबंध आहे. विमानतळ चोवीस तास जागा असतो. धावपट्टीचे दिवे, सामानाचे पट्टे, सरकते जिने, तपासणीची यंत्रे यांना वीज लागतेच, पण केरळसारख्या दमट हवेत सर्वांत मोठा वाटा वातानुकूलनाचा. हजारो भागधारकांना उत्तर द्यावे लागणाऱ्या कंपनीला दरमहाचे वीजबिल टोचते. नेडुंबाश्शेरीत सौर पॅनेल आली तेव्हा हवामानबदलाची काळजी होती, पण पहिला धक्का या बिलाने दिला. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. कर्जाने उभ्या केलेल्या संस्थेत खर्च वाचवणारा उपाय टिकतो, आणि उत्सर्जन कमी करायचे तर उपाय वर्षानुवर्षे टिकावा लागतो.

जगातल्या विमानतळांनी आपल्या कार्बनचा हिशेब मांडायला फार पूर्वी सुरुवात केलेली नाही. १९९७ च्या क्योतो करारात आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या धुराची जबाबदारी कोणत्याही एका देशाच्या खात्यावर टाकली गेली नाही. ती आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे सोपवण्यात आली. मुंबईहून लंडनला जाणाऱ्या विमानाचा धूर भारताचा की ब्रिटनचा, हा प्रश्न तसाच राहिला. काही ठिकाणी मात्र स्थानिक कायद्याने वाट काढली. स्टॉकहोमच्या आर्लांडा विमानतळाला १९९० च्या दशकाच्या आरंभी तिसऱ्या धावपट्टीची परवानगी मिळाली ती एका अटीवर : कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन १९९० च्या पातळीवर आणायचे. या हिशेबात उतरणारी-उडणारी विमाने आणि प्रवाशांना घेऊन येणारी वाहनेही धरली होती. इतकी व्यापक अट विमानतळांच्या इतिहासात विरळाच आढळते.

जून २००९ मध्ये युरोपातल्या विमानतळांच्या संघटनेने कार्बन मानांकनाची योजना सुरू केली. तिच्या चार पायऱ्या होत्या : उत्सर्जन मोजणे, ते कमी करणे, विमानतळावरच्या इतर कंपन्यांना त्यात ओढणे, आणि उरलेल्याची भरपाई करून शिल्लक शून्यावर आणणे. त्याच वर्षी आर्लांडा चौथ्या पायरीवर पोहोचला. २०११ मध्ये ही योजना आशियात आली आणि २०१६ मध्ये दिल्ली हा आशिया-प्रशांत भागातला पहिला कार्बनतटस्थ विमानतळ ठरला. या योजनेत उत्सर्जनाचे तीन भाग पाडतात. विमानतळाने स्वतः जाळलेले इंधन पहिल्या भागात येते, विकत घेतलेली वीज दुसऱ्यात, आणि विमाने, टॅक्सी, प्रवाशांच्या गाड्या असे बाकीचे सगळे तिसऱ्यात. पहिले दोन भाग विमानतळाच्या हातात असतात. तिसरा सर्वांत मोठा असतो आणि त्याच्या हाताबाहेरचा असतो.

सौर पॅनेल लावणारा नेडुंबाश्शेरी हा पहिला विमानतळ नव्हे. अमेरिकेतल्या डेन्व्हर विमानतळाच्या आवारात २००८ मध्येच सौर प्रकल्प चालू झाला होता. गालापागोस बेटांतल्या बाल्ट्रा विमानतळाची नवी इमारत २०१२ मध्ये सूर्य आणि वारा यांवर चालेल अशा रीतीने बांधण्यात आली. पण वर्षाकाठी लाखो प्रवासी हाताळणाऱ्या मोठ्या विमानतळाने आपली सगळी वीज सूर्यापासून घ्यावी, हे तोवर कुठे झाले नव्हते.

कोचीतही सुरुवात बेताचीच होती. मार्च २०१३ मध्ये आगमन कक्षाच्या छपरावर २५० वॉटची ४०० पॅनेल बसवण्यात आली. म्हणजे अवघे १०० किलोवॉट. या छोट्या प्रयोगातल्या एका निर्णयाने पुढची सगळी वाट ठरवली. त्यात बॅटऱ्या नव्हत्या. तयार झालेली वीज थेट ग्रिडच्या प्रवाहात मिसळत होती. त्या काळी छपरावरची सौर वीज म्हटली की सोबत बॅटऱ्यांची खोली आलीच, आणि खर्चाचा मोठा भाग तीच खाई. बॅटऱ्या वगळल्यावर आकडे जुळू लागले. त्याच वर्षी विमान दुरुस्तीच्या हँगरचे छप्पर आणि भोवतालची जमीन मिळून आणखी ४,००० पॅनेल लागली आणि एक मेगावॉटची भर पडली.

मग मोठी उडी. मालवाहतुकीच्या इमारतीजवळ ४५ एकर मोकळी जागा होती. तिथे २६५ वॉटची ४६,१५० पॅनेल उभारण्यात आली. खर्च सुमारे ६२ कोटी रुपये. मुख्यमंत्री ओमन चंडी यांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि आधीचे दोन प्रकल्प धरून एकूण क्षमता १३.१ मेगावॉट झाली. केरळच्या हवेत एक किलोवॉटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज देते. त्या मानाने १३ मेगावॉटमधून रोज पन्नास हजारांवर युनिटे निघतात. विमानतळाचा तेव्हाचा रोजचा वापर सुमारे ४८ हजार युनिटांचा होता. गणित काठावर पण नीट बसले. युनिटमागे सहा-सात रुपये वाचतात असे धरले तर पाच-सहा वर्षांत भांडवल वसूल होते, आणि पॅनेलचे आयुष्य पंचवीस वर्षांचे मानतात.

मात्र सूर्य रात्री नसतो, आणि कोचीहून आखाताकडे जाणारी कित्येक विमाने रात्री व पहाटे सुटतात. इथे वीज मंडळाचे खाते उपयोगी पडते. दुपारी जास्तीची वीज मंडळाच्या तारांत जाते आणि मीटरवर जमा म्हणून नोंदते. रात्री तेवढीच वीज परत घेतली जाते. या देवघेवीला ‘बँकिंग’ म्हणतात. हेच वर्षाच्या पातळीवरही चालते : मार्च-एप्रिलच्या लख्ख उन्हातली शिल्लक जून-जुलैच्या झाकोळलेल्या दिवसांत खर्ची पडते. केरळ स्वतः जी वीज बनवतो ती बहुतांशी जलविद्युत आहे. इडुक्कीसारख्या मोठ्या जलाशयांतले पाणी हवे तेव्हा सोडता येते आणि हवे तेव्हा अडवून ठेवता येते. दुपारी विमानतळाची सौर वीज मंडळाच्या तारांत आली की तेवढ्या गरजेपुरते पाणी धरणात राहू शकते आणि संध्याकाळी, मागणी चढते तेव्हा, कामी येते. विमानतळाने विकत न घेतलेली बॅटरी अशी पश्चिम घाटात, डोंगरांच्या कुशीत आहे. ‘सौर विमानतळ’ म्हणताना हा अर्धा भाग बहुधा सांगायचा राहतो. मंडळाने खाते उघडले नसते तर ४६ हजार पॅनेलांनी विमानतळ फक्त उन्हाच्या वेळी चालला असता.

पॅनेलांच्या ओळींखाली एक वेगळीच अडचण उगवली. केरळच्या पावसात मोकळ्या जमिनीवर गवत माजते, आणि धूळ बसू नये म्हणून पॅनेल धुतली की ते पाणीही गवतालाच मिळते. वाढलेल्या गवताची सावली पॅनेलवर पडली की वीज घटते. सतत कापणी करण्याऐवजी तिथे भाजीपाला लावण्यात आला. भेंडी, पडवळ, कोहळा, भोपळा, लांब शेंगांची चवळी, मिरची, आले, हळद अशी पिके पॅनेलांच्या ओळींमध्ये आणि आडोशाला येऊ लागली. धुण्याचे पाणी त्यांनाच मिळते. भाताची शेते घेऊन उभ्या राहिलेल्या विमानतळात शेतीचा एक तुकडा या वाटेने परत आला, ही या इतिहासातली मन सुखावणारी गोष्ट आहे.

२०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी तिसरे टर्मिनल उघडले. जवळपास पंधरा लाख चौरस फुटांच्या या इमारतीने विजेची गरज दुपटीहून अधिक वाढवली आणि २०१५ चे गणित मोडले. कार्बन घटवण्याच्या प्रत्येक हिशेबात हा धोका असतो : बचत जागच्या जागी राहते आणि पसारा वाढत जातो. कोचीने पॅनेल वाढवून तो भरून काढला. वाहनतळाच्या छपरांवर पॅनेल चढली आणि आवारातल्या कालव्यावरही मांडव घातल्यासारखी बसवली गेली. गुजरातेत नर्मदेच्या कालव्यावर २०१२ मध्ये झालेला प्रयोग याच प्रकारचा. काही वर्षांतच एकूण क्षमता ४० मेगावॉटपर्यंत पोहोचली.

मधे २०१८ चा महापूर आला. १५ ऑगस्टच्या पहाटे पेरियारचे पाणी आवारात शिरले. अतिवृष्टीने भरलेल्या धरणांचे दरवाजे उघडले होते, आणि विमानतळ मुळातच पाणथळ भातजमिनीवर, एका ओढ्याचा प्रवाह वळवून उभा होता. सुमारे अडीच किलोमीटर कुंपणभिंत कोसळली, धावपट्टी पाण्याखाली गेली, सौर पॅनेलांचा एक भागही नादुरुस्त झाला. विमानतळ दोन आठवडे बंद राहिला. त्या दिवसांत लहान प्रवासी विमाने उतरली ती विलिंग्डन बेटावरच्या नौदलाच्या जुन्या धावपट्टीवर. २९ ऑगस्टला नेडुंबाश्शेरी पुन्हा सुरू झाले. विजेची शिल्लक सांभाळणारी धरणे आणि पूर आणणारी धरणे एकाच नदीखोऱ्यातली होती. २०१३ च्या पावसाळ्यातही इथे पाणी शिरले होते, आणि २०१९ मध्ये विमानतळ पुन्हा दोन दिवस बंद ठेवावा लागला. तापत्या हवामानात अतिवृष्टी वाढते. म्हणजे ज्या बदलाला आवर घालण्यासाठी ही पॅनेल आहेत, त्याचा तडाखा बसणाऱ्यांत हा विमानतळ पुढच्या रांगेत आहे. पूर ओसरून महिना उलटतो न उलटतो तोच, २६ सप्टेंबर २०१८ रोजी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा पर्यावरण पुरस्कार कोची विमानतळाला देण्यात आला.

पावसाळ्यातली सौर विजेची तूट केवळ बँकिंगवर न सोडता कंपनीने पुढचे पाऊल उचलले. कोळिकोड जिल्ह्यात इरुवंजिप्पुळा नदीवर अरिप्पारा येथे ४.५ मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प तिने बांधला. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी तो सुरू झाला. मोठे धरण न बांधता वाहत्या पाण्यावर चालणारा हा प्रकल्प पावसाच्या दिवसांत, म्हणजे पॅनेल मंदावतात नेमक्या त्याच वेळी, जोरात चालतो. मार्च २०२२ मध्ये कण्णूर जिल्ह्यातल्या पय्यन्नूरजवळ डोंगरउतारावर १२ मेगावॉटचा आणखी एक सौर प्रकल्प आला आणि एकूण सौर क्षमता ५० मेगावॉटवर गेली. नेडुंबाश्शेरीपासून कितीतरी दूर बनलेली ही वीज विमानतळाच्या नावावर जमा होते. ग्रिडचे खाते असले की वीज कुठे बनते याला महत्त्व उरत नाही.

आता या सगळ्याने कार्बन किती घटला, हा खरा प्रश्न. २०१५ च्या प्रकल्पाबद्दल कंपनीने सांगितलेला आकडा असा : वर्षाला १ कोटी ८० लाख युनिट वीज आणि पंचवीस वर्षांत तीन लाख टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइडची बचत. म्हणजे वर्षाला सुमारे बारा हजार टन, युनिटमागे साधारण दोन तृतीयांश किलो. कोळशाचा वाटा मोठा असलेल्या भारतीय ग्रिडसाठी हा दर फुगवलेला नाही. तो पटण्याजोगा आहे.

विमानाचे गणित याच्या शेजारी ठेवून पाहता येते. एक किलो विमान इंधन जळले की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. कोचीहून दुबईला जाणारे मध्यम आकाराचे विमान सुमारे चार तासांत दहा टनांच्या आसपास इंधन जाळते. धूर तीस टनांच्या थोडा वर. म्हणजे ४५ एकरांवरची पॅनेल वर्षभरात जे वाचवतात, ते अशा चारशेच्या आतबाहेर उड्डाणांत खर्च होते. दिवसाला जेमतेम एक उड्डाण. पॅनेल चौपट झाली तरी ही संख्या चार-पाचांपलीकडे जात नाही, आणि कोचीहून रोज आखाताकडे जाणारी विमाने त्याहून कितीतरी जास्त आहेत. यामुळे नेडुंबाश्शेरीचे काम लहान ठरत नाही. इमारतीचा कार्बन शून्यावर आला, तो खऱ्या विजेने आला, भरपाईची प्रमाणपत्रे विकत घेऊन नव्हे. पण ‘सौर विमानतळ’ या शब्दांनी प्रवाशाचा असा समज होऊ नये की त्याचा प्रवासही सूर्यावर झाला.

इमारत आणि उड्डाण यांच्या मधे एक पट्टा उरतो : जमिनीवर उभे असलेले विमान. इंजिने बंद असतानाही दिवे आणि थंड हवा चालू ठेवण्यासाठी विमानाच्या शेपटीतले छोटे इंजिन तासाला शंभर किलोंच्या आसपास इंधन जाळते. थांब्यावरच बाहेरून वीज आणि थंड हवा दिली तर ते बंद ठेवता येते. आणि ती वीज सौर असेल तर पॅनेल प्रत्यक्ष विमानाचा धूर कमी करतात. धावपट्टीपर्यंत विमान ओढत नेणारे ‘टॅक्सीबॉट’ हे वाहन दिल्लीत ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रवासी विमानासाठी वापरले गेले, तोही याच पट्ट्यातला उपाय. कोचीने २०२४ मध्ये भारत पेट्रोलियमशी हरित हायड्रोजन प्रकल्पाचा करार केला, तो आवारातली वाहने त्या इंधनावर चालावीत म्हणून.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला, कारण त्याच्याजवळ जमीन नाही. वस्त्यांनी चारी बाजूंनी वेढलेल्या त्या आवारात ४५ एकर पॅनेल मांडणे अशक्यच. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याने सगळी वीज अपारंपरिक स्रोतांकडून घेण्यास सुरुवात केली. त्यातली जेमतेम पाच टक्के आवारातल्या छपरांवर बनत होती; बाकीची जल आणि पवन प्रकल्पांतून विकत घेतलेली. कोचीने वीज बनवली, मुंबईने निवडून विकत घेतली.

उड्डाणाच्या धुराकडे वळणारी भारतातली पहिली पावले इंधनात पडली. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एका प्रवासी विमानात देशात बनवलेले जैव विमान इंधन नेहमीच्या इंधनात मिसळले होते. ते पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीज आणि इंडियन ऑइल यांनी मिळून तयार केले होते. त्याचे प्रमाण एक टक्क्यापर्यंत होते. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी अशा इंधनाचे मिश्रण २०२७ मध्ये एक टक्का आणि २०२८ मध्ये दोन टक्के असावे, असे उद्दिष्ट केंद्र सरकारने ठरवले आहे.